पहारेकऱ्याची जागा

रत्नागिरी,
शनिवार

प्रिय ओमकार,

तुझा मेसेज वाचला. 'सर्व्हरच्या दारातून माझा पहारेकरी कोणी हलवला, संध्याकाळपर्यंत परत जागेवर ठेव', म्हणे! वा रे वा! पुण्याला जाऊन वर्ष झालं नाही, तोवर साहेबी भाषा आली. मी हलवला. आणि तो परत दारात बसणार नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

आठवतंय, हा सर्व्हर आपण तुमच्या ओटीवर बसून लिहिला? डायलिसिसच्या पेशंटांना गावातून रत्नागिरीला आणायला ट्रस्टने जीप दिली होती, पण कोण कधी येणार याचा नुसता गोंधळ, म्हणून फोनवरून नोंदी घेणारा हा सर्व्हर. आलेली मागणी हाताळणारा एक हँडलर, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. तेव्हा तू घराकडे बोट दाखवलंस. पाहुणा ओटीवर चहा मागतो, निरोप माजघरातून स्वयंपाकघरात जातो आणि चहा त्याच दारांनी बाहेर येतो. वाटेत कोणी साखर घालतं, कोणी बशी देतं. आणि माजघरातल्याने निरोप पुढे दिलाच नाही, तर चूल पेटायची नाही. इतकं सोपं करून सांगितलंस की मी वेडीच झाले होते तुझ्यावर. असो.

मग कोणा टवाळाने खोट्या नोंदींचा मारा केला, विठू ड्रायव्हर दोनदा रिकामी जीप फिरवून आला आणि शिव्या मला खाव्या लागल्या. तेव्हा तू पहारेकरी लिहिलास. एका फोनवरून तासात तीनच मागण्या, चौथी आली की दारातूनच परत. पाहुण्याने तोंड उघडायच्या आत! तेव्हा मलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोलू.

पण तुमच्या वाडीत घरात रेंज नाही, हे तुला मी सांगायला हवं का? सगळ्यांचे निरोप घेऊन गोदाकाकी वरच्या कातळमाळावर, सड्यावर चढते, त्या काजूच्या झाडापाशी उभी राहते आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या सगळ्यांच्या नोंदी आपल्या एकाच फोनवरून करते. गेल्या आठवड्यात बुधवारच्या फेरीतले तिघे होते आणि गुरुवारचा एक. चौथा पहारेकऱ्याने परतवला. पेशंटांची यादी तपासणारा हँडलर आत, गाडी देणारा त्याच्याही आत. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. आणि पहारेकऱ्याच्याही बाहेर, सगळ्यात बाहेर बसलेला तो आपला लाघवी हँडलर! आतून काहीही येवो, नकार येवो नाहीतर होकार, त्यावर 'धन्यवाद, आपली नोंद झाली' असं लिहून पाठवणारा. तो आपण दोघांनी हसत हसत लिहिला होता. गोदाकाकीने ते वाचलं, खाली येऊन त्या माणसाला सांगितलं, गाडी येतेय. गुरुवारची जीप तुमच्या फाट्याला वळलीच नाही.

म्हणून मी हँडलरांची सगळी साखळी नव्याने जोडली. आधी पेशंटांची यादी, मग पहारेकरी. आणि तो फोन नाही मोजत, माणूस मोजतो. टवाळांची नावं यादीत नाहीत, ते तिथेच अडकतात. बाहेरचा हँडलर आता गाडीचा नंबर हातात आल्याशिवाय 'नोंद झाली' म्हणत नाही. गाडी नसेल तर गाडी नाही म्हणतो आणि माझा फोन नंबर देतो. तू म्हणशील, सर्व्हरवर ताण येईल. येऊ दे! आपल्या तालुक्यातले पेशंट ते किती, आणि तुला काळजी कसली, यंत्राला घाम फुटेल याची?

आता ते, जे मला कोणालाच सांगायचं नव्हतं, कारण तशी शपथ घातलीय. तो चौथा माणूस म्हणजे तुझे बाबा. सकाळपासून महिपतकाका फाट्यावरच्या दगडावर बसून होते. समोरून एसटी गेली, कंडक्टरने थांबवून हाक मारली, तरी चढले नाहीत. शेजारच्या मैनाकाकींनी रिक्षा बोलवू का विचारलं, तर उलट त्यांच्यावरच खेकसले, "माज्या पोराचा मशीन हाय ता, खोटा नाय बोलनार." ऊन डोक्यावर आलं तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, धाप लागलेली असताना त्यांना इथे दवाखान्यात आणलं. आता बरे आहेत, घाबरू नकोस. मी जाऊन भेटले, तर हात धरून म्हणाले, ओमकारला कळता कामा नये, त्याच्या मनाला लागेल. रविवारी तुझा फोन आला तेव्हा 'सगळं बरं आहे' म्हणाले ना? ते माझ्यासमोर म्हणाले. मला तिथे रडू आवरलं नाही आणि ते मलाच समजावत होते.

मी शपथ मोडली, कारण सर्व्हरची किल्ली तुझ्याकडेही आहे आणि तू हट्टाला पेटलास की मागचापुढचा विचार न करता माझं सगळं एका मिनिटात पुसशील. पुसायचंच असेल तर पूस. पण आधी गुरुवारी ये. फाट्यावर त्या दगडावर बाबांशेजारी बस, जीप येईपर्यंत थांब आणि पहारेकरी परत दारात बसवणार आहेस हे त्यांच्या तोंडावर सांग. नोंद मी केली आहे, दोघांची, तुझी बाबांच्या सोबतीला म्हणून. गाडीचा नंबर आलाय.

तुझीच, अजून तरी,
नम्रता