वीस कोऱ्या सह्या

५ जानेवारी, मुलुंड
मुलगा सुयोग सामान टाकून घाटकोपरला परत गेला. अडुसष्टाव्या वर्षी पॅथॉलॉजिस्टची नोकरी, तीही नात श्रुतिकापासून वीस मिनिटांवर! लॅबच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. रक्ताच्या नळ्या फिरवणारं मशीन चक्क भुजंगप्रयात म्हणतं. कुडाळच्या शाळेत गुरुजी टेबलावर ताल धरायचे, तस्सं.

पगाराचं मात्र कोडं आहे. कातडीवाल्यांना मुंबई सोडवत नाही, हाडवाल्यांना पैसा सोडवत नाही, आणि आम्हाला कुणी विचारत नाही. गडचिरोलीला दुप्पट देतात, कारण तिथे जायला कुणी तयार नाही. मुलुंडला यायला सगळे टपलेले, म्हणून इथे कमी. मग मला हार्टच्या सर्जनपेक्षा जास्त का? व्यवस्थापक देवव्रत हसून म्हणाला, डॉक्टर, लक्ष्मी दारात आली तर तिचं आधार कार्ड मागू नका. मग वीस कोऱ्या रिपोर्टांवर सह्या घेतल्या. हे चूकच, पण सोय म्हणून आमच्यात बरेच जण करतात. मीही केल्या.

९ जानेवारी
फायलीत माझ्या सहीचा रिपोर्ट. धोंडिराम, वय पन्नास, रक्ताचा कर्करोग. तारीख अकराची! या नावाचा नमुना आलेलाच नाही. टेक्निशियन प्रेमाला विचारलं. ती मालवणची, तोंडाने फटकळ. म्हणाली, काका, पगार घेवा आणि गप ऱ्हवा.

११ जानेवारी
धोंडिराम आला. मरोळला कारखान्यात असतो. बारीक ताप आहे, एवढीच तक्रार. रक्त काढताना प्रेमाला म्हणाला, हळू गं बाय, एवढंच उरलंय. स्लाइड मी स्वतः पाहिली. रिपोर्टातला आकडा न् आकडा खरा.

देवव्रत म्हणतो, टायपिंगची चूक. तारीख चुकली, मानलं. नाव? आजार?

१४ जानेवारी
आणखी बारा तसेच. सगळे आधी लिहिलेले, सगळे खरे. प्रेमा म्हणते, टाइप कुणीच करत नाही. कपाटातले माझ्या सहीचे कोरे कागद सकाळी भरलेले मिळतात. माझ्याआधीचे तिघे डॉक्टर नोकरी सोडून गेले का, विचारलं. खाली बघत म्हणाली, सोडून कोण गेलो नाय, काका. शेवटचो कागद तेंच्याच नावाचो निघालो.

१७ जानेवारी
कपाट उघडलं. एकच कोरा उरलाय. फाडायला गेलो — फाटत नाही.

राजीनामा दिला. देवव्रत म्हणाला, खुशाल जा, कागद कुठेही पोचतो. आधीचे एक दुबईला पळाले होते.

१८ जानेवारी, सकाळ
सुचलं! कागद माझ्या नावाचा निघणारच, तर मीच भरतो. जयवंत, वय अडुसष्ट, हिमोग्लोबिन चौदा, बाकी सर्व ठीक. इथले रिपोर्ट खरे ठरतात ना? मग हाही ठरू दे. श्रुतिकाला फोन केला, रविवारी येतो म्हणून.

दुपार
चौदाचे बारा झालेत. अक्षर माझंच —

प्रेमाने माझं रक्त तपासलं. बारा.

नऊ. खोडून चौदा लिहिलं. शाई कागदावर उमटत नाही —

सात. प्रेमा सुयोगला फोन लावतेय. रडतेय बहुतेक. नखं पांढरी —

पाच — श्रुतिकाला सांगा, रविवारी —

चार — पेन धर