मंद्रूप-टेंभुर्णी लाइनीवरचे माझे कडक उपवास

२० जुलै १९७४, शनिवार

आजपासून तब्येत. विषय संपला.

डॉक्टर बेअक्कल आहे. रक्तात साखर, वजन जास्त, तूप बंद, गोड बंद, तळलेलं बंद, वर रोज चालायचं. मी म्हटलं, मी चादरींचा सेल्समन, रोज एसटीच्या मागे पळतो ते काय आहे मग? तर म्हणतो, एसटी नसेल तेव्हा चाला. याला डिग्री कुणी दिली?

खरा संताप मालकाचा. गुरुलिंगअण्णांच्या कारखान्यातल्या चादरी मी केस काळे होते तेव्हापासून गावोगाव विकतोय. मागच्या महिन्यात टेंभुर्णीला मानसिंगच्या दुकानात मला चक्कर आली, असा बोभाटा झाला. चक्कर बिक्कर काही नव्हती. गठ्ठ्याला टेकून जरा डोळे मिटले होते. लोकांनी कांदा फोडून नाकाला लावला, त्यानंच जास्त त्रास झाला. पण अण्णांनी ते मनात धरलं. श्रावण संपला की डॉक्टर पुन्हा तपासणार. वजन उतरलं नाही तर माझी मंद्रूप-टेंभुर्णी लाइन अण्णांच्या भाच्याला, चन्नवीरला. मी गोडाऊनमध्ये.

चन्नवीर! त्याला चादरीची सुलटी बाजू कळत नाही!

गोडाऊनमध्ये मी बसणार नाही. ती लाइन माझी आहे. उद्यापासून पहाटे सूर्यनमस्कार. बायकोला, दानम्माला, तसं बजावून सांगितलं. ती हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

२१ जुलै, रविवार

सूर्यनमस्कार घातला. एक. दुसऱ्यात कंबर धरली. डॉक्टर जबाबदार.

२२ जुलै, सोमवार. मंद्रूप

या लाइनीवर एक छळ आहे. जेवल्याशिवाय ऑर्डर मिळत नाही. दारात आलेला माणूस उपाशी परतला तर दुकानाला बरं नाही, हे एकूणएक दुकानदाराचं मत. आधी ताट, मग हात धुणं, मग ऑर्डर. माझं वजन वाढलं ते कंपनीच्या कामानं वाढलंय, हे कुणी ध्यानात घेत नाही.

आज इथल्या दुकानदाराला, बसप्पाला, ठणकावून सांगितलं, डॉक्टरनं बंदी केलीय. त्याचं तोंड उतरलं. आतून त्याची आई गौरम्मा, ऊटा माड्री, ऊटा माड्री, म्हणजे कानडीत जेवा, जेवा, असं दोनदा म्हणाली. मी जेवायला उठलो नाही. मग बाहेर येऊन विचारते, माझ्या हाताला काय झालं आता? ताटात शेंगाच्या पोळ्या, वर तूप. बसप्पा गुपचूप माझ्या सॅम्पलच्या घड्या घालायला लागला. म्हणजे चालू पडा.

तेवढ्यात सुचलं. म्हटलं, आज सोमवार, त्यात श्रावण, मला कडक उपवास.

सगळा नूरच पालटला. बसप्पानं हात जोडले. पाहुणा देवाचं करतोय म्हटल्यावर राग कसला? ऑर्डर गेल्या वर्षीपेक्षा मोठी. फराळाला साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, सायीचं दही. फराळ हलकाच असतो. पोटात धान्याचा कण नाही. हे त्या डॉक्टरला सुचू नये?

२३ जुलै, मंगळवार. टेंभुर्णी

मानसिंगलाही उपवास सांगितला. त्याची बायको मथुराबाई चकित. उद्या नागपंचमी, आज तर भावाचा उपवास, तो बायकांनी धरायचा असतो की, तुमी कसा काय धरलाय, म्हणाली. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, बहीण भावासाठी धरते तर भावानं बहिणीसाठी का धरू नये? तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. असा भाऊ लई नशिबानं मिळतो, म्हणाली.

मला बहीण नाही.

राजगिऱ्याच्या वड्या, रताळ्याचा गोड कीस, घरची केळी. नको म्हणत होतो. बाई ऐकेल तर शपथ.

२७ जुलै, शनिवार

गुरुवारी दत्ताचा, आज मारुतीचा. आम्ही लिंगायत, दत्ताचा उपवास आमच्यात कधी निघाला, असं दानम्मा विचारते. हिला माझ्या तब्येतीची फिकीर असती तर विचारलं नसतं. घरी मात्र उपवास करत नाही. बाहेर एवढे कष्ट सोसल्यावर घरी माणसाला दोन घास सुखाचे मिळायला पाहिजेत.

३१ जुलै, बुधवार. मंद्रूप

बुधवारला देवच आठवेना. बसप्पा तोंडाकडे बघतोय, आतून तुपाचा वास येतोय. शेवटी सांगितलं, नवस केलाय. मनातलं होईपर्यंत धान्य वर्ज्य. वार-बीर बघायची कटकटच मिटली. हे आधीच का सुचलं नाही म्हणून स्वतःवरच चिडलो.

काय मागितलंय, असं बसप्पा खोदून विचारायला लागला. म्हटलं, नवसातलं बोलून दाखवायचं नसतं. गौरम्मानं माझ्याकडे फार वेळ बघितलं, मग खिचडीवर आणखी तूप वाढलं. तुपात धान्य नसतं.

५ ऑगस्ट, सोमवार

पँटचं बटण तुटलं. धोब्याला फैलावर घेतलं. पाण्यात काय घालतो कोण जाणे, सगळ्या पँटी आटवून ठेवल्या. तो म्हणतो, शर्ट कसे नाही आटले? उलट उत्तरं! धोबी बदलणार.

चालणं सुरू केलंय. एसटी स्टँडपासून दुकानापर्यंत. आज ऊन होतं म्हणून टांगा केला.

१३ ऑगस्ट, मंगळवार. टेंभुर्णी

नवसाची बातमी सगळ्या लाइनीवर पसरलीय. मी उतरायच्या आत कढई चढते. मथुराबाईनं साबुदाण्याचे वडे पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, देव तुमचं ऐकंल, भाऊ. हे ऐकून बरं वाटलं. मानसिंग जवळ बसून हळूच म्हणाला, तुमच्या मनात काय हाय ते आमाला कळलंय, काळजी करू नका. मला काही कळलं नाही. ऑर्डर मात्र अशी दिली की अण्णा खुर्चीतून उठून उभे राहतील. चन्नवीरला सात जन्मांत जमणार नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरचा काटा बिघडलाय. वजन वाढलेलं दाखवतो. साखरही वाढलीय म्हणे. मी म्हटलं, महिनाभर उपवास केलेत, अन्नाला शिवलो नाही. उपवासाला काय खाल्लं, विचारतो. सांगितलं. तर पेन खाली ठेवून कपाळाला हात लावला. पेशंटशी असं वागतात?

२० ऑगस्ट, मंगळवार

लिहिताना निब मोडली. रागानं.

सकाळी अण्णांनी बोलावलं. डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं होतं. तरी म्हणाले, पंचाक्षरी, एवढ्या ऑर्डरी आजवर कुणी आणल्या नाहीत, लाइन तुझ्याकडेच राहू दे, फक्त जिभेला जरा आवर घाल. मी जिंकलो होतो! लाइन माझी होती!

आणि दारात कोण उभे? बसप्पा आणि मानसिंग. गणपतीसाठी माल भरायला सोलापूरला आलेले. बसप्पाच्या हातात पेढ्यांचा पुडा.

मानसिंगच बोलला. अण्णा, ह्यांनी नवसापायी धान्य सोडलंय. ह्या वयात ही वणवण. माझ्याच दुकानात पडले होते, मी डोळ्यानं बघितलंय. ही फिरती सुटावी म्हणून देवाकडं मागणं हाय त्यांचं, तुमच्यापुढं बोलायला जीभ रेटत न्हाय. तेवढा नवस तुमीच पुरा करा की.

अण्णांचे डोळे भरले. मला आधी सांगायचं नाहीस का रे, म्हणाले. आजपासून गोडाऊनला बस, सावलीत, पंख्याखाली.

खोटं आहे, नवसच खोटा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. बसप्पानं त्यात पेढा कोंबला. गिळेपर्यंत तिघांनी ठरवूनही टाकलं होतं. मग बसप्पानं मला मिठी मारली. त्याला काय बोलणार? मेल्याला आनंद झाला होता.

२६ ऑगस्ट, सोमवार. गोडाऊन

पंखा आवाज करतो.

दुपारी डबा उघडला. डॉक्टरनं लिहून दिलेली बिनतेलाची भाजी, दोन भाकरी. कुणी आणखी घ्या म्हटलं नाही. कुणी रुसलं नाही. एक भाकरी उरली. वजन आता उतरणारच.

संध्याकाळी चन्नवीर पहिली फेरी करून आला. ढेकर देतच आला. सहज म्हणून विचारलं, माझी कुणी चौकशी केली का? म्हणाला, सगळ्यांनी केली. सगळे खूश आहेत, पंचाक्षरीअण्णा सुटले म्हणतात. गौरम्मानं तर देवापुढे नारळ फोडला.

सॅम्पलच्या घड्या चुकीच्या घातल्यास म्हणून त्याला फाडफाड बोललो. गडी सगळे बघत होते.

घड्या बरोबर होत्या.