तीन सत्कार आणि एक उपवाक्य

७ ऑक्टोबर १९९६, सोमवार
नवी पॅकिंग मशीन जर्मनीहून येतेय. ती शिकायला आमच्या बारामतीच्या प्लँटमधून एकच माणूस तीन महिने तिकडं जाणार. अट एकच, कामापुरतं जर्मन पाहिजे. डिसेंबरात क्रेमर म्हणून साहेब येऊन इंटरव्ह्यू घेणार. तोवर दर शनिवारी कँटीनमध्ये पुण्याच्या बाई शिकवणार. पॅकिंगला माझी अकरा वर्षं सर्व्हिस. म्हणजे माणूस ठरलेलाच, भाषा तेवढी राहिलीय. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

८ ऑक्टोबर
साडेसातला उठलो. पण टाइमटेबल केलं. चार रंगांत. छान दिसतंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार
बाईंनी आज वाक्यं जोडणारे शब्द घेतले. ‘उन्ड’ (आणि), ‘आबर’ (पण), ‘डेन’ आले तर वाक्य सरळ चालतं. ‘वाइल’, ‘डास’ (की) किंवा ‘ओपव्होल’ (जरी) आला की मागनं येतं ते गौण उपवाक्य, आणि त्यातलं क्रियापद पार शेवटी जाऊन बसतं. ‘डेन’ म्हणजे कारण आणि ‘वाइल’ म्हणजेही कारण, मग ही उठाठेव कशाला? बाई म्हणाल्या, भाषा अशीच आहे.

घरी म्हाळसाला समजावून सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, आपल्यात बी क्रियापद शेवटालाच येतंय की, त्यात काय एवढं! बायकोला व्याकरण सांगायला जाऊ नये. पण मुद्दा पटला. जर्मन म्हणजे आपली मराठीच. निम्मा अभ्यास झाला.

२२ ऑक्टोबर
आमचा ज्युनियर ऑपरेटर, पिंपळीचा बुद्धघोष, मशीन पुसताना रोज ‘वाइल’ घालून एक वाक्य म्हणतो. मशीन बंद आहे, कारण पट्टा तुटलाय. असलं काहीतरी. त्याला म्हटलं, घोकून भाषा येत नसते, आधी पाया पक्का पाहिजे. व्हय दादा म्हणाला आणि परत पुटपुटायला लागला. कीव येते.

२७ ऑक्टोबर, रविवार, बावडा
गावी आलो. आबांना सांगितलं, तुमचा पोरगा बहुतेक जर्मनीला जाणार. आबांनी दूध घालायला गेल्यावर डेअरीवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात ‘बहुतेक’ गळून पडलं. सरपंच तात्याबा म्हणाले, माणूस गेल्यावर हार कुणाच्या गळ्यात घालायचा? शनिवारीच उरकून टाकू. मी म्हणणार होतो की अजून इंटरव्ह्यू व्हायचाय. पण तोवर बँडवाला ठरला होता.

२ नोव्हेंबर, शनिवार
सत्कार. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं. आबांना उभ्या जन्मात कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं, आज माझ्या शेजारी खुर्ची. सारखे डोळे पुसत होते. लोकांचा हट्ट, जर्मन ऐकवा. उठलो. ‘इश फारं नाख डॉइचलांट, वाइल...’ मी जर्मनीला जातो, कारण... एवढ्यावरच टाळ्यांचा कडकडाट. पुढचं म्हणायची वेळच आली नाही. क्लास बुडला.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सासरवाडीला सत्कार. ‘वाइल’ला इथं शिट्ट्याही पडल्या. क्लास बुडला.

२३ नोव्हेंबर, शनिवार
गावच्या शाळेत सत्कार. तिकडं बाई उपवाक्याची उजळणी घेतायत म्हणे. पण लोकांचं मन मोडवत नाही. सोमवारपासून रोज तीन तास. टाइमटेबल नवीन करावं लागेल.

१५ डिसेंबर, रविवार
उद्या इंटरव्ह्यू. सकाळी पुस्तक उघडलं. मिटलं. अंगणात येरझाऱ्या. पाच चहा. वहीत सतरा वाक्यं सापडली, सगळी ‘वाइल’पर्यंत. तसा पाया पक्का आहे.

१६ डिसेंबर
साहेबांनी विचारलं, जर्मनीला का जायचंय? माझाच प्रश्न! म्हटलं, ‘इश फारं नाख डॉइचलांट, वाइल...’ आणि सवयीनं थांबलो. साहेबही थांबले. कुणी टाळी वाजवेना. शेवटी हात जोडले आणि उठलो. एकंदरीत छाप पडली.
बुद्धघोष आत वीस मिनिटं होता. साहेबांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यालाच हसत असणार.

१८ डिसेंबर
बुद्धघोषचं नाव लागलं.
पेढे घेऊन आला. म्हणाला, दादा, पाया पक्का करा म्हणला हुता, ते ध्यानात ठिवलं. पेढा घेतला. कंपनीत राजकारण फार.
पण बावड्याचं काय? तीन सत्कार घेतलेला माणूस गावात तोंड कसं दाखवणार? आणि आबा? ते रोज सकाळी डेअरीवर उभे असतात. त्यांना गाव काय काय बोलेल. दिवसभर एका जागी बसवलं नाही.

५ जानेवारी १९९७, रविवार
तोडगा निघाला. सांगायचंच नाही! तीन महिने बावड्याला पाय ठेवायचा नाही, एप्रिलात जाऊन ‘आलो’ म्हणायचं. आबांना निरोप धाडला, आज निघतोय. म्हाळसा म्हणाली, लाज कशी वाटत न्हाय तुमास्नी? मी म्हटलं, तीन महिने निवांत अभ्यास होईल. कामावर जायला हेल्मेट घेतलं. बारामतीत गावचं कुणीही भेटतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बाजारात वांगी नीट दिसेनात म्हणून हेल्मेट काढलं. समोर आबा. दोन हातांवर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, वांग्यांकडं बघितलं आणि पुढं निघून गेले. नजर कमी झालीय त्यांची. ओळखलं नाही. नक्कीच ओळखलं नाही.

२ मार्च, रविवार
म्हाळसा बावड्याला जाऊन आली. आबा डेअरीवर सगळ्यांना सांगतात म्हणे, पोराचा फोन आला हुता जर्मनीतनं. थंडी लई हाय म्हणतोय, बटाटं खाऊन कटाळलाय. तात्याबांनी खोदून विचारलं, तर आबांनी तिथल्या बर्फाचं वर्णन केलं. माझे आबा! उभ्या जन्मात दुधात पाणी न घातलेला माणूस.
म्हाळसा निघताना तिला बाजूला घेऊन म्हणाले, त्येला म्हणावं बाजारात हिंडू नगंस, गावची माणसं येत्यात. भाजी मी लावून देतो.
मला रडू आलं. म्हाळसानं ताट वाढलं.

४ मार्च, मंगळवार
आबांची पिशवी एस.टी.नं आली. वांगी, मेथी, घेवडा. स्टँडवर घ्यायला म्हाळसाला पाठवलं. मी जर्मनीत आहे.