खालच्या दाढेची सुई

बाबा,

तुम्ही मला न सांगता अकोल्याला जाऊन दाढ काढून आलात, ती दुपार अजून माझ्या मनातून जात नाही. अचलपूरला काम आहे म्हणून तुम्ही पहाटेच निघाला होतात. मी अमरावतीच्या राजापेठेतला आपला दवाखाना सांभाळून जेवायला घरी आले, तर तुम्ही नुकतेच पोचलेले, उजवा गाल तळहाताने दाबून धरलेला. आई चुलीपाशी भाकरी करतेय. तिने ताट वाढलं, तुम्ही मानेनेच नको म्हणालात आणि मोरीत जाऊन कापसाचा बोळा थुंकलात. रक्त पाहून मी विचारलं, "कोणी काढली?"

"अकोल्याले गेलतो. त्यानं काढली." ओठ बधिर असल्यामुळे शब्द बोबडे येत होते. नाव घ्यायची गरजच नव्हती.

मुंबईहून दातांची पदवी घेऊन आलेली मुलगी घरात, आणि बाप मोटारीत बसून दुसऱ्याकडे! "मले काहून नाई सांगतलं?" मी ओरडले. चिडले की माझ्या तोंडी आपली बोली यायची. तुम्ही शांतपणे म्हणालात, "खालच्या दाढेले त्याची सुई बराबर बसते. तुई नाई बसत." तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण आई उठली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

अकोल्याचा तो दातांचा डॉक्टर मूळचा तिवसा गावचा. मी शिकून परत येण्याच्या वर्षभर आधी तुम्ही त्याला हाताखाली घेतलं होतंत. त्याचे आईवडील मजुरीला जायचे, तो सरकारी शिष्यवृत्तीवर शिकला होता, आणि घरचे सगळे नुकतेच बौद्ध झाले होते. हे गावात सर्वांना माहीत होतं. एकदा एक बडा कास्तकार खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "याच्या हातून नाई, तुमी या." तुम्ही हातही न धुता त्याला सांगितलंत, "दात काढाचा असन तर हाच काढन. नाई तर उठा, मांगं लोकं बसून आहेत." तो मुकाट्याने बसला. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मला तुमचा अभिमान वाटला, खरंच वाटला. पण पुढे माझ्या वेळी एका बाईने "पोरीच्या हातानं नको बापा" म्हटलं, तेव्हा तुम्ही हसून माझ्या हातातला चिमटा घेतलात आणि स्वतः दात काढलात. त्याच्यासाठी तुम्ही माणसाला उठवायला निघालात आणि माझ्यासाठी मला बाजूला केलंत. हा हिशेब मी तेव्हा मांडला, तो आजवर पुसलेला नाही.

बरं, सुईच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हेच जास्त झोंबायचं. वरच्या दाताला सुई हिरडीत दिली की बधिर करायचं औषध हाडात मुरतं. खालचं हाड जाड, तिथे ते मुरत नाही. जबड्याच्या मागे, आतल्या अंगाला, जिथे दातांची संवेदना नेणारी शीर हाडात शिरते तिथे औषध नेऊन सोडावं लागतं, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. पुस्तकात दाखवलेल्या जागी सुई देऊनसुद्धा माझे कितीतरी पेशंट चिमटा लावताच किंचाळायचे. त्याचे किंचाळत नसत. पुढे त्याला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तो गेला, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. पण अमरावतीचे लोक "अकोल्याले जाऊन येतो" म्हणू लागले. आणि मग तुम्हीही गेलात.

त्या आठवड्यात मी तुमच्याशी बोलले नाही. रविवारी अकोल्याची मोटार धरली. भांडायलाच गेले होते. तो घरासमोर खाट टाकून पेपर वाचत बसला होता. मला पाहताच उठला, म्हणाला, "या ताई. साहेबाईची जखम भरली का?" तुम्हाला तो साहेब म्हणायचा. मी म्हटलं, "तू कसं देतोस ते मला दाखव." भांडण तोंडातून निघालंच नाही.

तो मला बंद दवाखान्यात घेऊन गेला. "तोंड जेवढं उघडता येते तेवढं उघडू द्या," तो सांगत होता, "लोकं अर्धवट उघडतात अन् आपण घाई करतो. अन् पुस्तकापेक्षा थोडी वर द्या. हाड लागलं की थांबा, मंग सोडा. अर्धा ओठ बधिर झाल्याबिगर चिमट्याले हात नाई लावाचा." मी विचारलं, हे कुठे शिकलास. तो चकित होऊन म्हणाला, "साहेबाईनं नाई सांगतलं तुमाले? त्याईच्याच जबड्यात देऊन पाह्यलं आमी. मी चुकलो की ते बोटानं दाखवत, आणखी वर, आणखी वर."

तुम्ही त्याच्यासमोर तोंड उघडून बसला होतात, बाबा. चुकण्यासाठी तुम्ही त्याला स्वतःचा जबडा दिला होतात. मला तुम्ही पुस्तकं घेऊन दिलीत, मुंबईची फी भरलीत, माझ्या नावाची पितळी पाटी केलीत. ते सगळं त्या क्षणी मला कवडीमोल वाटलं.

मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "मला दे." त्याने सुई उकळली, हात धुतले आणि माझ्या गालाला अंगठा लावला. थोड्या वेळाने माझा अर्धा ओठ बधिर झाला, आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तो घाबरला. "दुखलं काय, ताई?" मी म्हटलं, "हो. दुखलं." त्याचा चेहरा एकदम उतरला.

त्याने ते तुम्हाला कळवलं. तुम्ही मला विचारलंत, "टोचताना दुखलं का औषध जाताना?" काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, औषध जाताना. मग तुम्ही दोघं ते दुखणं कमी करण्याच्याच मागे लागलात. तो अमरावतीला यायचा आणि तुम्ही दवाखान्याचं दार लावून बसायचात. औषध थेंबाथेंबाने सोडायचं, आधी बाटली कोमट पाण्यात धरून अंगाइतकी ऊन करायची, असं तुम्ही ठरवलंत. आणि खरोखर फरक पडला. आधी भुवया आवळणारे पेशंटही शांत बसू लागले. मला तुमच्या दोघांत फट पाडायची होती, उलट मी तुम्हाला बोलायला नवा विषय दिला. दाराबाहेर मी पेशंटची नावं पुकारत होते आणि आतून तुमचं हसणं ऐकू येत होतं.

तुमच्या शेवटच्या वर्षी खालची डावी दाढ ठणकायला लागली. अकोल्याचा प्रवास आता झेपणार नव्हता. एका सकाळी तुम्ही माझ्या खुर्चीत येऊन बसलात आणि तोंड उघडलंत, मोठं. मी बाटली ऊन केली. वर दिली, हळू सोडली, अर्धा ओठ बधिर होईस्तोवर थांबले. दाढ निघाली तरी तुमची पापणी हलली नाही. तुम्ही कापूस दाताखाली धरून माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "एकदम त्याच्यासारकी देली."

तुमच्या तोंडून मला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ती, आणि तीतही तोच.

तो अजून अकोल्यातच आहे. नातवंडांत रमलाय, सणावाराला फोन करतो, तुमची आठवण काढतो. त्याला मी खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला लिहिते, कारण तुमच्याकडून ते आता त्याच्यापर्यंत जायचं नाही. त्या रविवारी मला मुळीच दुखलं नव्हतं, बाबा. सुई आत केव्हा गेली, तेसुद्धा मला कळलं नव्हतं.