मान्कोला, पाउल्लूकडून

प्रिय भाऊ,

आज आपल्या मॅनेजरने, मुदीरने, मला ऑफिसात बोलावलं आणि घरी जायची सुट्टी दिली. ऐकतोयस ना? मला, तुझ्या पाउल्लूला, सुट्टी! अशी बातमी कळल्यावर पहिला फोन तुलाच करायचा असतो. पण तू गेल्या पावसाळ्यातच देवाघरी गेलास. खोलीतल्यांना सांगितलं, त्यांनी पाठ थोपटली, तरी मन भरेना. म्हणून ड्युटीवरून आल्या आल्या हे पत्र लिहायला बसलोय.

सुट्टीला एक अट आहे. मुदीर म्हणाला, "तुम गाँव जाओ, बीस फिटर लेके आओ. बाकी किसी को नहीं भेजता, लेकिन तुम भागेगा नहीं." मला हसूच फुटलं रे. मग बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो आणि रडलो. तू असतास तर काय म्हणाला असतास?

सौदीतल्या कतीफजवळच्या या कॅम्पात शुक्रवार म्हणजे आपला सण असायचा. सकाळी कतीफच्या बाजारातून मासे आणायचे. गावाहून आणलेली तिरफळं घालून तू आमटी करायचास आणि कुणालाही ढवळू द्यायचा नाहीस. जेवलं की पलंगावर आडवा होऊन हुकूम सोडायचास, "हां, वाच." सौदी सोडून निघालेल्या एका कुटुंबाने टाकून दिलेलं जगाच्या इतिहासाचं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. मी त्यातलं वाचायचो आणि आपल्या भाषेत तुला सांगायचो. रोमच्या वेळी तू घोरलास. फ्रान्सच्या वेळीही घोरलास.

पण इंका लोकांचं प्रकरण आलं आणि तू उठून बसलास! समुद्रापलीकडून स्पॅनिश लोक आले, त्यांनी राजाला पकडलं, सोन्याने खोली भरून घेतली आणि तरीही त्याला मारलं. मग आपल्या पसंतीचा एक राजपुत्र निवडून त्याच्या कपाळावर राजाची लाल झालर बांधली, तोच इंकांचा मुकुट. तो लवकरच मेला, तेव्हा मान्कोच्या कपाळावर बांधली. मान्को नावापुरता राजा. राज्य दुसऱ्यांचं, आणि ज्यांनी गादीवर बसवलं तेच त्याचं घर लुटत होते.

शेवटी मान्को त्यांना म्हणाला, "मला जाऊ द्या, माझ्या वडिलांचा सोन्याचा पुतळा आणून देतो." हावरटांनी सोडलं. मान्को गेला तो फौज घेऊनच परतला. हे ऐकून तू मांडीवर अशी थाप मारलीस की शेजारच्या खोलीतले धावत आले.

"अरे, ह्यो तर आपलो दशावतार!" तू म्हणालास. खरंच होतं. कुडाळकडच्या जत्रांतून तू तरुणपणी राजाच व्हायचास. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. लिहिलेलं काही नाही, गोष्ट ठरवायची आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे. सौदीला येऊन पाइप जोडायला लागलास, तरी तुझी चाल राजाचीच राहिली होती.

मग तुलाच त्यांनी राजा केलं! आठवतं? आपले पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, सुट्ट्या अडकलेल्या, माणसं कुरकुरायला लागलेली. मुदीरने सुट्ट्या काही दिल्या नाहीत. तुला कॅम्पचा लीडर केलं. वेगळी खोली, नवा एसी आणि लाल हेल्मेट. आणि पहिलाच हुकूम तुझ्या तोंडून वदवला, की आता शुक्रवारीही काम. लोक तुला "राजे" म्हणून चिडवायला लागले. तू माझ्याजवळ येऊन टेकलास आणि म्हणालास, "राजा झालंय खरो, पण शिंक इली तरी मुदीराक इचारूक व्हया!"

ईदच्या सुट्टीत तू मेसमध्ये दुपारचं नाटक लावलंस. तेलाच्या डब्याचा मृदंग, जेवणाचं बाकडं सिंहासन. तू मान्को आणि मी तुझा भाऊ पाउल्लू. मान्कोने बंड केल्यावर स्पॅनिश लोकांनी ती झालर ज्याच्या कपाळावर बांधली, तो हा पाउल्लू. मुदीर पहिल्या खुर्चीवर बसून खजूर खात होता. त्याच्यासमोर हात जोडून तू सोन्याच्या पुतळ्याचं भाषण केलंस. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण टाळ्या सगळ्यांत जोरात त्याच्याच!

आणि शेवट? माझ्या पुस्तकात मान्कोला त्याचं शहर परत मिळालं नव्हतं. तो रानात निघून गेला, तिथे राज्य केलं आणि तिथेच दगाफटक्याने मेला. पाउल्लू शहरातच राहिला. तू मात्र ऐन वेळी मला खूण केलीस, की झालर फेक आणि ये. मी आपला बाकड्यावर ढिम्म! मांडी घालून बसून राहिलो. कारण पुस्तकात तसंच होतं ना! नाटक संपल्यावर केवढे भांडलो आपण. मी म्हणालो, "पाउल्लू कधी आलाच नाही, भाऊ." तू म्हणालास, "पुस्तकात नाय इलो, म्हणान काय झाला? नाटकात येतलो!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू मुदीरला सांगितलंस, की गावाहून वीस फिटर आणून देतो, सगळे आपल्या ओळखीचे. तो खूश! पासपोर्ट हातात दिला आणि स्वतःच्या गाडीतून तुला दम्मामच्या विमानतळावर सोडलं त्याने. आणि तू गेलास तो गेलासच! परत आला नाहीस. वीस सोड, एकही माणूस पाठवला नाहीस. उलट गावात घरोघरी जाऊन सांगितलंस, की तिकडे जाऊ नका. कॅम्पात आम्ही तोंड दाबून हसलो होतो.

पण मला का नाही सांगितलंस रे? नाटकातून सांगितलंस म्हणशील. मला काय कळणार होतं! तू गेलास आणि इथे सगळ्या कोकणवाल्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या. तुझं लाल हेल्मेट माझ्या डोक्यावर आलं. आतला पट्टा तुझ्या मापाचा होता, तो मी घट्ट केला नाही. डोळ्यांवर येतं, तरी तसंच घालतो.

फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "पाउल्लू, कधी येतलंस रे?" मी म्हणायचो, पुढच्या जत्रेला. वहिनींचा फोन आला तेव्हा मी साइटवर उंच शिडीवर होतो. म्हणाल्या, अंगणात बसलेले असताना छातीत कळ आली आणि गेले. मला यायला मिळालं नाही. खाली माणसं वाट बघत होती, फोरमन "यल्ला, यल्ला" ओरडून घाई करत होता, आणि मी त्या शिडीवर पाइपला धरून उभा होतो. तुझी फार आठवण येते, भाऊ. शुक्रवारी कुणी तिरफळांची पुडी उघडली तर मी मेसमधून बाहेर जातो.

तू वारलास तेव्हा मिळाली नाही, आता सुट्टी मिळाली ती याच कामासाठी. मुदीरला वाटतं, हा पळून जाणार नाही. बरोबर आहे त्याचं. बाकड्यावर बसून राहिलेला मला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!

त्याला मी 'हो' म्हटलंय. वीस फिटर आणतो म्हटलंय, अगदी तुझ्यासारखा हात जोडून. हेल्मेट खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवीन. यंदा जत्रेत देवळापुढे बाकडं मांडलं जाईल, तेव्हा मंडळींना सांगून आपलंच नाटक लावीन. मान्को कोण होईल ते माहीत नाही. पण तो खूण करील तेव्हा मी झालर फेकीन, बाकड्यावरून उतरीन आणि त्याच्या गळ्यात पडेन. वहिनींना पहिल्या रांगेत बसवीन. आणि पुन्हा इकडे यायचा नाही, हा माझा तुला शब्द.

मी येतोय, भाऊ.

तुझाच,
पाउल्लू