ओठांवर राहिलेले स्वर

तोक्यो, २ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला सानाएचा वाकून नमस्कार.

बातम्या वाचणारे इथे काही स्वर गिळून टाकतात, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं, म्हणून आधी दुरुस्त करते. स्वर जागेवरच असतो. ओठ त्याचा आकार करतात, फक्त गळा गप्प राहतो.

आमच्या वाचनाच्या शिक्षिका ओगाताबाई म्हणाल्या, "अगं, प्रत्येक स्वराला घरापर्यंत सोडायला जातेस की काय?" सगळे हसले, मीही हसले. मागांच्या खडखडाटात तुमचे कान गेल्यापासून आपल्या घरात असंच बोलतात, हे त्यांना कुठे ठाऊक!

निघताना तुम्ही म्हणालात, "तिकडचं बोलायला लागलीस की मला तुझं काही कळायचं नाही." ते मनातून जात नव्हतं. म्हणून काल माझ्या खोलीतल्या हात्सुमीच्या कानांत कापूस कोंबला आणि इथल्या पद्धतीने 'किशी' म्हटलं, मग 'कुशी'. दोन्हींतला पहिला स्वर मुका. नुसत्या ओठांवरून दोन्ही शब्दांचे अर्थ अचूक ओळखून ती ओरडली, "किनारा! कंगवा! आता कापूस काढू का, बाईसाहेब?"

बाबा, तुम्ही तर वर्षानुवर्षं ओठच वाचता!

आईचा गुडघा कसा आहे? संत्री काढायला तिला शिडीवर चढू देऊ नका.

टीव्हीवर हवामान वाचायला मी बाईंना होकार देत नव्हते. आज दिला. आवाज बंद करून अगदी समोर बसा. संध्याकाळच्या बातम्यांत मी वाचणार आहे, येत्या गुरुवारी, नऊ नोव्हेंबरला.

तुमची
सानाए