खडखडीचं कारण मला समजलं आहे

१ मे १९७०
फटफटी नुसती उभी चालू ठेवली की खडखडते. वेग घेतला की नाही. म्हणजे इंजिनच! पाडव्याला घेतलेली गाडी. संताप संताप झाला. कापडाचं दुकान मुनीमजींवर टाकून अंगणात बसलो. धनकुंवर म्हणाली, बाईंना विचारा, गाडीची पूजा त्यांनी केली होती. इंजिनाचं माझ्या आईला काय विचारायचं? या बायकोपुढे डोकं फोडून घ्यावं.

आठ तारखेला आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, इकडची आखाजी. धुळ्याला सासूबाईंच्या वर्षीतपाचं पारणं. वर्षभर एक दिवसाआड उपास केला त्यांनी. मुलगा नाही, म्हणून उसाच्या रसाचा पहिला पेला माझ्या हातून घेणार. फटफटीवर येतो असं मी कळवून बसलोय. आणि साडू मोहनलालसमोर ही खडखड घेऊन जाऊ? स्वतः सायकल हाणतो आणि माझ्या गाडीला हसतो! उद्या आवाज बंद.

२ मे
स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकलं. टॅपेट. शंकाच नाही. गाडीसोबत मिळालेली हत्यारं म्हणजे पोरखेळ, ती पेटी मी उघडतसुद्धा नाही. मुंबईहून मागवलेला पान्यांचा सेट काढला. टॅपेट आवळले. आता खडखड आहेच, शिवाय शिट्टी. म्हणजे दोष उघड होऊ लागला.

४ मे
टॅपेट नाही. टायमिंग चेन. हे मला आधीच माहीत होतं, घरच्यांनी बोलून बोलून डोक्यातून घालवलं. पारोळ्याकडचा नथ्थू लुगडं घ्यायला आला आणि अंगणात डोकावून म्हणाला, "शेट, बठ्ठं खोली टाकं, आते कसं?" सगळं खोललंय ते बसवायचं मी बघतो, तू लुगडी बघ म्हटलं. हसत निघून गेला. गेला तर गेला. असलं गिऱ्हाईक नकोच.

बाई सांगायला आली की गणपती हलवू नकोस. इथे मी चेन बघतोय आणि हिला गणपती! तिच्यावर ओरडलो. नंतर वाईट वाटलं. पण इंजिन उघडं असताना मध्ये बोलू नये.

६ मे
इंजिन परातीत आहे. बाई म्हणते, परात बाटली. घ्या! कव्हरचं पॅकिंग फाटलं, तर कापडाच्या थानातल्या पुठ्ठ्याचं नवं कापलं. कारखान्याला जमणार नाही असं.

धनकुंवर म्हणते एसटीने जाऊ. म्हटलं, जाईन तर फटफटीवर. ती रडली. आईने वर्ष काढलं, तुम्हाला जरा खडखड सोसत नाही, म्हणाली. भांडता भांडता सूर्य मावळला, आणि आम्ही जैन, दिवस बुडाल्यावर जेवत नाही, म्हणजे जेवणही गेलं. उपाशी माणसाने चेन कशी बसवायची?

७ मे, दुपार
दोघी एसटीने गेल्या. निघताना बाईने गाडीची हत्यारांची पेटी उघडली. आतून कुंकवाची पत्र्याची डबी काढली. डबीत पाडव्याच्या पूजेतली सुपारी, गणपती म्हणून ठेवलेली. पारण्याला शुभ म्हणून न्यायची होती. आहे ना बघायला तिने डबी हलवली.

खडखड. तीच. हुबेहूब.

धनकुंवरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चेनही सैल होतीच. जोडतो आणि पारण्याच्या आत पोचतो.

८ मे, सकाळ
जोडली. एक स्प्रिंग आणि दोन वॉशर उरले. जास्तीचेच असणार. किक मारून मारून पोटरी सुजली. तडक एसटी स्टँड गाठला. आखाजीला माहेरी निघालेल्या लेकीबाळींनी गाड्या खच्चून भरलेल्या. कंडक्टरने पायरीवरून खाली उतरवलं. त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. बस गेली.

संध्याकाळ
धुळ्याहून ट्रंक कॉल. धनकुंवर रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे सांगत होती. पारण्याची वेळ झाली तरी सासूबाई पेला तोंडाला लावेनात. सगळ्यांना गप्प बसवलं आणि रस्त्याकडे कान लावून बसल्या. जावयाच्या फटफटीचा आवाज येईल, म्हणाल्या. शेवटी मोहनलालने रस पाजला.

फोन ठेवला. कुणावर ओरडू, घरात कुणी नाही. अंगणात जाऊन पुन्हा किक मारली.

काही आवाज नाही.